पाने का आकसतात?

वसतिगृहात असताना व्हरांड्यातील मनीप्लांटची पाने एकदा कडांनी आत वळू लागली. रोपाला तहान लागली असावी, असे समजून आम्ही प्रत्येकाने जाता-येता त्यात तांब्याभर पाणी ओतले. दुसऱ्यानेही ओतले आहे, हे कोणाच्याच ध्यानी आले नाही. काही दिवसांत देठ काळे पडले. कुंडी उपडी केली, तेव्हा मुळांचा गाळ झालेला दिसला. ते रोप दुर्लक्षाने नव्हे, तर आमच्या काळजीनेच दगावले. आज आपल्यापैकी अनेकांच्या घरी खिडकीत, गॅलरीत कुंड्या आहेत. म्हणून तो धडा येथे मांडत आहोत.

पान आकसणे हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. पानांवाटे वाफेच्या रूपाने पाणी सतत बाहेर पडत असते. मुळांकडून तेवढे पाणी मिळेनासे झाले, की पान कडा मिटून आपला उघडा भाग कमी करते. माती कोरडी असेल, तर पाणीच नसते. माती सदैव चिखलासारखी असेल, तर मुळांना हवा मिळत नाही. ती कुजतात आणि पाण्यात उभे राहूनही रोप तहानलेलेच राहते. लक्षण एकच, कारणे मात्र परस्परविरुद्ध!

म्हणून उपायाआधी परीक्षा हवी. बोट दोन पेरे मातीत खुपसावे. माती कोरडी आणि कुंडी उचलताना हलकी लागली, तर ती अर्धा तास पाण्याच्या बादलीत ठेवावी आणि नंतर निथळू द्यावी. माती ओली असूनही पाने वळलेली असतील, तर पाणी थांबवावे आणि रोप अलगद बाहेर काढून मुळे पाहावीत. पांढरट, टणक मुळे निरोगी असतात. तपकिरी, मऊ व दुर्गंधी येणारी मुळे स्वच्छ कात्रीने कापून रोप नव्या भुसभुशीत मातीत लावावे. कुंडीचे तळाचे छिद्र मोकळे आहे ना, हेही पाहावे. मातीवर पांढरा थर दिसल्यास खताचे वा पाण्यातील क्षार साचले आहेत, असे समजून भरपूर स्वच्छ पाणी ओतून ते तळाच्या छिद्रावाटे निथळू द्यावे आणि काही काळ खत बंद ठेवावे.

पाणी योग्य असूनही केवळ कोवळी पाने मुडपत असतील, तर पान उलटून पाहावे. चिकटपणा आणि मुंग्यांची वर्दळ असेल, तर मावा किंवा पिठ्या ढेकूण असण्याचा संभव असतो. बारीक जाळे कोळी कीड सुचवते. कुंडीतील मिरचीची पाने द्रोणासारखी वर वळली, तर बहुधा फुलकिडे असतात. उपड्या होडीसारखी खाली वळली, तर कोळी. असे रोप इतरांपासून दूर ठेवावे. पानांची खालची बाजू पाण्याने धुवावी. 1 लिटर पाण्यात 5 मिलिलिटर निंबोळी तेल व द्रव साबणाचे काही थेंब मिसळून, आधी एका पानावर पारखून, सायंकाळी फवारावे. साधारण आठवड्याच्या अंतराने दोन-तीन वेळा हे करावे. पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या विषाणूने मिरची वा टोमॅटोचे रोप खुरटले असेल, तर मात्र त्यावर औषध नाही. इतर रोपे वाचवण्यासाठी ते उपटून नष्ट करणेच योग्य.

एक गोष्ट ध्यानी ठेवावी : किडीने वेडीवाकडी झालेली जुनी पाने सहसा पुन्हा सरळ होत नाहीत. उपाय लागू पडला की नाही, हे शेंड्याची नवी पाने सांगतात. ती सपाट उमलेपर्यंत धीर धरावा आणि रोज नवा उपाय करू नये.

आमच्या व्हरांड्यात पुढे नवे मनीप्लांट आले. त्याला पाणी घालण्याची पाळी ठरली आणि पाळी असलेल्यानेही आधी मातीत बोट घालायचे, असा नियम झाला. तांब्या त्यानंतरच उचलला जाई.