एकट्याचं पान: स्वतःला वाढून घेण्याविषयी



आजचा विषय बाहेरच्या फळ्यावर लिहिला गेला तेव्हा एका गृहस्थांनी आम्हाला विचारलं, "यावर तासभर बोलण्यासारखं काय आहे हो? चौघांचं करायचं त्याच्या पाव करायचं, झालं!" आजचं सगळं व्याख्यान म्हणजे या वाक्याला दिलेलं उत्तर आहे असं समजा. एकट्याचं जेवण हा चौघांच्या जेवणाचा पाव भाग नसतो. स्वयंपाकाच्या हिशेबातही नसतो आणि मनाच्या हिशेबात तर नसतोच. ते वेगळं जेवण आहे आणि ते वेगळं शिकावं लागतं.

आम्ही गेली काही वर्षं एकट्या राहणाऱ्या लोकांसाठी स्वयंपाकाचे छोटे वर्ग घेतो. नोकरीसाठी खोली घेऊन राहणारी तरुण मुलंमुली येतात आणि जोडीदार गेलेली, मुलं लांब असलेली वयस्क मंडळीही येतात. पहिल्या दिवशी आम्ही एकच प्रश्न विचारतो: काल रात्री काय जेवलात? "जेवलो नाही, चहा आणि चार खारी घेतल्या." "सकाळचं होतं, तेच उभ्या उभ्या पातेल्यातून खाल्लं." एक आजी म्हणाल्या, "माझ्या एकटीसाठी काय करायचं?" या आजींनी चाळीस वर्षं आठ माणसांचा स्वयंपाक केला होता. त्यांना काय येत नव्हतं? सगळं येत होतं. एका माणसासाठी करायचं, आणि तो माणूस आपण स्वतः, एवढंच येत नव्हतं.

एकट्याने जेवू नये असं खरंच सांगितलंय का?

पुष्कळांच्या मनात असतं की एकट्याने जेवणं बरं नाही, आपल्या संस्कृतीत ते बसत नाही. याला आधार म्हणून ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं 117वं सूक्त सांगितलं जातं. एकटाच खाणारा माणूस पापाचाही एकटाच धनी होतो, अशा आशयाचं वचन त्यात आहे. पण सूक्त पूर्ण वाचलं तर कळतं की ते दानाविषयी आहे. दारात भुकेला उभा असताना घरात अन्न असूनही जो देत नाही, त्याला हे बोल लावलेले आहेत. ज्याच्या घरात दुसरं कुणी नाहीच, त्याला नव्हे. न देता खाणं वेगळं आणि एकट्याने जेवणं वेगळं. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी आपण त्याच्याकडे परत येऊ.

आणि एकट्याने जेवणं हे काही आजचं नाही. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले हजारो पुरुष कुटुंब गावी ठेवून एकटेच राहायचे. त्यांच्या जेवणाची सोय खानावळवाल्या बायकांनी केली. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना घेऊन. म्हणजे एकट्या पुरुषाला वाढणारं कुणीतरी होतं. पण बाईचं काय? भरल्या घरात, सगळ्यांची पानं उठल्यावर, ओट्याशी बसून उरलंसुरलं खाणारी बाई आपण सर्वांनी पाहिली आहे. तीही एकटीच जेवत होती की! दहा माणसांच्या घरात एकटी. मग खरोखर एकटं राहायची वेळ आली की तीच सवय पुढे चालू राहते. गरम पोळी आपल्यासाठी नसते, ही सवय.

म्हणून 'वाढणं' हा शब्द आम्हाला महत्त्वाचा वाटतो. वाढायला दोन माणसं लागतात, एक वाढणारं आणि एक जेवणारं. एकटा माणूस 'वाढून घेतो'. म्हणजे दोन्ही कामं त्याचीच. बहुतेकजण पहिलं कामच सोडून देतात.

पाव भागाचं गणित का चुकतं?

आता ओट्याकडे येऊ. एक भाताचं उदाहरण घ्या. चौघांना दोन वाट्या तांदूळ आणि चार वाट्या पाणी, म्हणून एकट्याला अर्धी वाटी तांदूळ आणि एक वाटी पाणी. कागदावर बरोबर. पण नेहमीच्या पातेल्यात हा भात कोरडा राहतो, तळाला लागतो. कारण वाफ होऊन किती पाणी उडणार हे तांदळावर ठरत नाही. भांड्याचं तोंड किती रुंद, झाकण किती घट्ट आणि भात किती वेळ गॅसवर आहे, यावर ते ठरतं. तांदूळ पाव झाला तरी उडणारं पाणी पाव होत नाही. म्हणून भांडं लहान आणि अरुंद घ्या, झाकण घट्ट ठेवा, पाणी दोन-चार चमचे जास्त घाला.

फोडणीचंही तसंच. एकट्याच्या आमटीला एक चमचा तेल पुरतं. ते मोठ्या कढईत पातळ पसरतं, मोहरी त्यात बुडत नाही. अर्धी तडतडते, अर्धी करपते, वर हिंग-हळद जळते. आणि माणूस म्हणतो, "हल्ली माझ्या हाताला चव राहिली नाही." हाताला काही झालेलं नसतं, कढई मोठी असते! फोडणीची छोटी पळी, लहान कुकर, लहान तवा, दोन छोटी पातेली, एवढ्यावर एकट्याचा स्वयंपाक चालतो. मोठी भांडी माळ्यावर टाकताना जीव जड होतो, हे आम्हाला माहीत आहे. पण ती समोर असली की तुम्ही नसलेल्या माणसांचा स्वयंपाक करत राहता.

कोरडं भरपूर, ओलं थोडं

आमच्या वर्गात आम्ही एक नियम सांगतो: कोरडं भरपूर करा, ओलं थोडं करा. आपलं मराठी स्वयंपाकघर याबाबतीत मुळातच श्रीमंत आहे. भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ, दाण्याची चटणी, लसणीची चटणी ही सगळी आधीच करून ठेवलेली मेहनत आहे. एक दिवस भाजा-दळा, मग पुढे कित्येक दिवस दहा मिनिटांत जेवण. फक्त एकट्याला संपेल एवढंच करा. भाजणी दोनेक महिन्यांची पुरे. दाण्याच्या चटणीत तेल असतं, ती लवकर खवट होते, म्हणून पंधरा दिवसांची पुरे.

आणि बघा, आपले किती पदार्थ जन्मापासून एका माणसाचेच आहेत. थालीपीठ एका वेळी एकच लागतं. पिठलं तीन चमचे बेसनात होतं. मऊ भातावर मेतकूट-तूप घालायला माणसं लागत नाहीत. भाकरी तर एकट्यासाठी पोळीपेक्षा सोयीची. ज्वारीच्या पिठात गव्हासारखं ग्लूटेन नसतं, त्यामुळे ते आधी मळून ठेवण्यात काही फायदा नसतो. गरम पाण्यात एकेका भाकरीपुरतंच मळायचं असतं. दोन भाकऱ्यांसाठी परात भरायला नको आणि उरलेली काळी पडलेली कणीक फ्रिजमध्ये नको.

ओल्यामध्ये एक सवलत आहे, डाळीची. दीड वाटी तूरडाळ एकदा हळद-हिंग घालून शिजवा, गार झाली की लगेच फ्रिजमध्ये ठेवा. पहिल्या दिवशी साधं वरण, तूप, लिंबू. दुसऱ्या दिवशी चिंच-गूळ-गोडा मसाला घालून आमटी. तिसऱ्या दिवशी लसणाची फोडणी आणि मूठभर मेथी घालून डाळ-मेथी. डाळ एकदाच शिजली, पण तीन दिवस तेच ते खाल्लं असं होत नाही. रोज हवी तेवढीच डाळ स्वच्छ चमच्याने काढा आणि नीट उकळा.

ही युक्ती एकट्या आपलीच नाही. अमेरिकेत ज्यूडिथ जोन्स नावाच्या नामवंत संपादिका होत्या, पाककलेच्या अनेक गाजलेल्या पुस्तकांमागे त्यांचं काम होतं. 1996 साली त्यांचे पती वारले. आता एकटीसाठी करण्यात आनंद वाटेल का, असा प्रश्न त्यांनाही पडला. वाटतो, असं त्यांच्या लक्षात आलं आणि 2009 साली त्यांनी एकट्याच्या स्वयंपाकावर पुस्तक लिहिलं. त्यांचाही भर यावरच होता, की आज उरलेल्यातून उद्या दुसरंच काहीतरी करायचं.

भाताला मात्र ही सवलत नाही. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात उबदार हवेत तासन् तास पडून राहिला की ते वाढतात आणि त्यातलं एक विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून उद्याच्या फोडणीच्या भातासाठी ठेवायचा भात ताटात पसरून लवकर निववा, तासाभरात फ्रिजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी संपवा. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात टाकून द्या. अन्न टाकणं आपल्या जिवावर येतं, पण घरात एकटं असताना आजारी पडलं तर पाणी द्यायलाही कुणी नसतं.

चहा-खारीचा हिशेब

हे सगळं कशासाठी? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 साली सांगितलेल्या प्रमाणानुसार प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिनं हवीत. 55 किलो वजनाच्या आजींना साधारण 46 ग्रॅम. चहा-खारीत ती जेमतेम तीन-चार ग्रॅम मिळतात. उलट दोन भाकऱ्यांत साधारण 12, दिवसभरात दोन वाट्या घट्ट वरणात 13-14, एक कप दुधात 6, वाटीभर दह्यात 5 आणि मूठभर दाण्यांत 7. बेरीज करा, जवळजवळ भरते. यात कुठलाही महागडा डबा नाही.

आणखी एक गोष्ट. माणूस सोबतीत जास्त जेवतो आणि एकटा असला की कमी. वयाबरोबर वास आणि चवही मंदावते. त्यामुळे "भूक लागली की खाईन" या भरवशावर राहू नका. वेळ ठरवा. सगळं आधी ताटात वाढून घ्या, म्हणजे किती खाल्लं ते दिसतं. पातेल्यातून खाताना दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटतं, नाहीतर मोबाईल बघता बघता भान राहत नाही. ताटात डावी-उजवी बाजू असू द्या. उजवीकडे एक भाजी किंवा आमटी, डावीकडे लिंबाची फोड आणि चिमूटभर चटणी. डाव्या बाजूला दोन मिनिटं लागतात, पण मंद झालेल्या जिभेला जाग तीच आणते.

त्या आजींना आम्ही सुरुवातीला एवढंच सांगितलं होतं, की आठवडाभर आधी ताट घ्या, पाणी घ्या, बसा आणि मग जेवा. पदार्थ कुठलाही चालेल. पुढच्या आठवड्यात आल्या आणि म्हणाल्या, "पहिल्या दिवशी फार विचित्र वाटलं. कुणाकडे तरी पाहुणी गेल्यासारखं. चौथ्या दिवशी मी पापड भाजला." सगळा वर्ग हसला, त्याही हसल्या. पण एकटीसाठी पापड भाजणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळलं होतं.

रिकामी वाटी

शेवटी सुरुवातीच्या मुद्द्याकडे येऊ. एकट्याने जेवण्यात काही वाईट नाही, पण देणं थांबवू नका. शेजारून आलेली वाटी रिकामी परत पाठवायची नाही, ही आपली जुनी रीत. एकट्या माणसाला ती फार उपयोगी आहे. लाल भोपळ्याची फोड आणली तरी एकट्याला दोन दिवस संपत नाही. मग एक वाटी भाजी शेजारच्या दारात द्या. त्यांच्याकडून वाटी परत येईल ती दुसऱ्या भाजीची. एका मजल्यावर दोन एकटी माणसं असतील तर प्रत्येकाने एक भाजी करायची आणि दोन खायच्या. दोघांनी एकत्र बसून जेवलंच पाहिजे असंही नाही. आणि एखाद्या दिवशी तुमची वाटी आली नाही, तर काय झालं म्हणून कुणीतरी दार वाजवील.

तेव्हा आज घरी गेल्यावर एवढंच करा. उशीर झाला असेल, दमला असाल, तर मऊ भात लावा, वर मेतकूट आणि तूप. पण ताटात वाढून घ्या, बसून जेवा. आणि तुमच्या ओळखीचं कुणी एकटं राहत असेल तर उद्या त्यांना "जेवलात का?" एवढंच विचारू नका. "काय जेवलात?" असं विचारा. खरं काय ते तेव्हा कळतं.