सॉफ्टवेअर घेतलं की कारभार आपोआप सुधारतो?

शेंद्र्याच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत ईआरपी, म्हणजे सगळ्या विभागांचं काम एकत्र जोडणारं सॉफ्टवेअर, आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. त्यामुळे या पट्ट्यातल्या कॉलेजांमध्ये विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "कंपनीत चालतं, मग कॉलेजात का नाही? एकदा बसवून टाका, सगळं आपोआप मार्गी लागेल." प्रवेश, फी, हजेरी, परीक्षा, पगार हे सारं एकाच प्रणालीत यावं, हे मलाही मान्य आहे. पण आपोआप काहीही मार्गी लागत नाही, हे कितीदा सांगायचं?

ईआरपी मुळात कारखान्यांसाठी घडलं. तिथे सुट्या भागाला एक क्रमांक असतो आणि स्टोअरपासून बिलापर्यंत तोच चालतो. विद्यार्थ्याचं तसं नसतं. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर बहुधा स्वतःचं नाव आधी, बँकेच्या पासबुकात वडिलांचं नाव गाळलेलं. लग्न झालेल्या मुलीचं आधारवर आडनावच वेगळं. प्रवेशाच्या टेबलावर एक स्पेलिंग, परीक्षा विभागात दुसरं. कारकून चेहरा ओळखतो, म्हणून आजवर निभावलं. संगणकाला मात्र ही निरनिराळी माणसं वाटतात आणि शिष्यवृत्तीचा अर्ज अडकतो. जुनी नोंदवही न तपासता नव्या प्रणालीत ओतली, तर तिच्यातल्या चुका एका टेबलावरून सगळ्या टेबलांवर पोहोचतात.

घाईचा परिणाम पाहायचा असेल तर मुंबई विद्यापीठाचं २०१७ साल आठवा. उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायची पद्धत त्या उन्हाळ्यात एकदम सगळ्या विद्याशाखांना लागू झाली. ४७७ परीक्षा, १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका. स्कॅनिंग रखडलं, प्राध्यापकांना पुरेसा सराव नव्हता. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत हुकली, निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. परदेशी प्रवेश मिळवलेल्या मुलांचा जीव टांगणीला लागला, तो वेगळाच. पडद्यावर तपासणी जगभर होते. पद्धत वाईट नव्हती. ती टप्प्याटप्प्याने आणायला हवी होती, एवढंच.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी नोंदी दुरुस्त करा, मग एका विभागात निदान एक सत्र जुनी आणि नवी पद्धत शेजारी शेजारी चालवा, आणि ज्या लिपिकाला रोज ते वापरायचं आहे त्याला निवडीच्या बैठकीत बसवा. विक्रेत्याचं सादरीकरण प्राचार्यांनी एकट्याने पाहून भागत नाही.

बाकीचे समज थोडक्यात. "एबीसी (अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी काढला की श्रेयांक जमा होतात": नाही, ते संस्थेने किंवा विद्यापीठाने चढवावे लागतात, आयडी हे फक्त खातं. "सरकारी प्रणाली घेतली की खर्च संपला": केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या उपक्रमातून 'समर्थ' उभी राहिली आहे, पण नोंदी भरायला आणि माणसं तयार करायला पैसा व वेळ लागतोच. "कारकुनांची गरज उरणार नाही": पहिली एक-दोन वर्षं तर त्यांचं काम वाढतं, कारण जुन्या नोंदींतला गुंता त्यांनाच सोडवता येतो.

"माहिती क्लाउडवर आहे, म्हणजे जबाबदारी कंपनीची" हा समज सर्वांत महाग पडू शकतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार, काम बाहेरच्या कंपनीला दिलं तरी उत्तरदायित्व माहिती गोळा करणाऱ्या संस्थेचंच राहतं. सुरक्षिततेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. तेव्हा प्राचार्य आणि संस्थाचालकांना विनंती, सही करण्यापूर्वी करारात एक कलम शोधा: करार संपल्यावर विद्यार्थ्यांची सगळी माहिती वापरता येईल अशा स्वरूपात परत मिळणार का आणि कंपनीकडची प्रत पुसली जाणार का? ते कलम नसेल तर सही करू नका.