दीड लाख किलोमीटरची भीती

सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला, त्याचा धक्का जुन्या गाड्यांच्या बाजारालाही बसला. नवीच स्वस्त झाल्यावर जुनीला पूर्वीचा भाव कोण देणार? त्यात लाख-दीड लाख किलोमीटर पळालेल्या गाड्यांना तर कुणी हात लावत नाही. अॅप उघडलं की गिऱ्हाईक पहिला फिल्टर लावतं तो ‘50 हजार किलोमीटरच्या आत’ हा.

माझ्या मते फसवणुकीला आमंत्रण इथेच मिळतं. लोकांना छोटा आकडा हवा असेल, तर बाजार तो तयार करून देतो. डिजिटल मीटरचा आकडा एका चिपमध्ये साठवलेला असतो. लॅपटॉप जोडून दीड लाखाचे पंचावन्न हजार करणारे कारागीर शोधायला फार फिरावं लागत नाही. उलट 1,40,000 दाखवणारी गाडी निदान या बाबतीत तरी खरं बोलत असते. आकडा वाढवून कुणी गाडी विकत नाही.

शिवाय किलोमीटर कुठले, हेही बघायला हवं. दर आठवड्याला पुण्याहून कोल्हापूरला जाऊन येणाऱ्याचे वर्षाला वीस-बावीस हजार किलोमीटर सहज होतात, पण ते बहुतेक टॉप गिअरमधले. मुंबईत रोज अंधेरी ते सायन गर्दीत रखडणारी गाडी त्याच्या निम्मीही पळत नाही, तरी क्लच तिचाच आधी जातो.

पुण्यात नाना पेठेच्या बाजूला गॅरेज असलेले एक मिस्त्री ओळखीच्यांसाठी गाड्या बघायला जातात. मीटरकडे ते शेवटी बघतात. आधी बॉनेटवर तळहात ठेवतात. बॉनेट गरम लागलं की थेट सांगतात, उद्या सकाळी येतो, तोवर चावी लावू नका. कारण थंड इंजिनाचा खडखडाट आणि धूर लपवायचा असेल, तर गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी तापवून ठेवतात. मग इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडायचं. डिझेलला थोडी वाफ चालते, पण भसाभस धूर आला तर बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनाचं काम निघालं. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढायचा. टोकाला चिखलाची रेघ दिसली, तर गाडी कुठल्या तरी पुरात बुडालेली असू शकते. क्लच पेडलचं रबर गुळगुळीत झालं असेल आणि मीटर 35 हजार दाखवत असेल, तर चहासुद्धा न घेता उठायचं.

टायरवरचे चार आकडे हा त्यांचा लाडका पुरावा. 1224 म्हणजे 2024 सालचा बारावा आठवडा. गाडी 2021 ची, मीटर 32 हजारांवर आणि चारही टायर 2024 चे, तर मूळचे गेले कुठे? नीट वापरले तर ते चाळीस-पन्नास हजार सहज चालतात.

अॅपवरच्या दोनशे मुद्द्यांच्या तपासणीत बॉनेटवर हात ठेवणं बसत नाही. वॉरंटी मिळते, पण ती बहुधा इंजिन आणि गिअरबॉक्सची. जास्त पळालेल्या गाडीत जे हमखास निघतं, म्हणजे क्लच, सस्पेन्शन, बॅटरी, ते ‘झीज’ म्हणून बाहेर. टायमिंग बेल्टचं तर विचारूनच घ्यावं. जुन्या 2.5 लिटर इनोव्हाला बेल्ट आहे, क्रिस्टाच्या 2.4 लिटरला चेन. बेल्ट वेळेवर बदलल्याचं बिल नसेल, तर तो खर्च किमतीतून वजा करूनच बोली लावायची.

ज्या साइटवर फक्त जाहिरात असते, तिथे गाडीच अस्तित्वात नसण्याचीही शक्यता. बदली झालेला लष्करी जवान, ओळखपत्राचा फोटो आणि ‘गाडी पोहोचवण्याचा खर्च आधी पाठवा’ ही जुनीच टेप अजून वाजते आहे. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करावा.

आता सरकारचं. ‘वाहन’ पोर्टलवर नोंदणीची तारीख, विमा, बँकेचा बोजा सगळं दिसतं. किलोमीटर मात्र दिसत नाहीत. ब्रिटनमध्ये गाडीचा नंबर टाकला की दरवर्षीच्या एमओटी तपासणीतला मीटरचा आकडा कुणालाही फुकट बघता येतो. बेल्जियममध्ये 2006 पासून मीटरच्या नोंदींचा दाखला असलेल्या ‘कार-पास’शिवाय जुनी गाडी विकताच येत नाही. आपल्याकडे पीयूसीवाला नंबर प्लेटचा फोटो काढतोच. त्याने मीटरचाही काढला आणि तो आकडा ‘वाहन’वर चढवला, तर मीटर मागे घेणाऱ्यांचा धंदा दोन-तीन वर्षांत बसेल. एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेटच्या मुदती वाढवत बसण्यापेक्षा हे काम सोपं आहे.

जुन्या गाड्यांच्या डीलरला 1 एप्रिल 2023 पासून आरटीओचं अधिकारपत्र लागतं. ते मागितल्यावर जो आढेवेढे घेतो, त्याच्याकडून एक लाखाचीच काय, दहा हजार पळालेलीही घेऊ नये. दिल्लीहून स्वस्तात आलेली डिझेल असेल, तर तिथली एनओसी आणि इथला कर भरायचा कुणी, हे टोकन देण्याआधी लेखी ठरवावं. विमा चौदा दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्यायचा असतो. आणि ‘50 टक्के नो क्लेम बोनस आहे’ असं विकणारा सांगत असेल, तर तो बोनस त्याचा आहे. गाडीबरोबर तो येत नाही.