रेंज फुल्ल, तरी आवाज तुटक

शेजारच्या काकू गणिताचे ऑनलाइन वर्ग घेतात. गेल्या महिन्यात वर्ग सुरू झाला की त्यांच्या लॅपटॉपचं वाय-फाय तुटायला लागलं. एरवी सगळं ठीक. त्यांनी आधी १०० एमबीपीएसचा प्लॅन २०० चा करून घेतला. "पैसे दुप्पट मोजले रे, तरी मुलं म्हणतात टीचर, आवाज येत नाही," असं त्या म्हणाल्या, तेव्हा फार वाईट वाटलं. हा खर्च करायची गरजच नव्हती.

प्लॅन मोठा घेतला की वाय-फाय सुधारतं, हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. प्लॅनमुळे ठरतो तो राउटरपर्यंत येणाऱ्या नेटचा वेग. तिथून लॅपटॉपपर्यंतचा टप्पा रेडिओलहरींचा. त्याला तुमच्या बिलाशी काही देणंघेणं नाही. एका व्हिडिओ कॉलला चार-पाच एमबीपीएस सहज पुरतात. कॉल बिघडतो तो माहिती मध्येच गळाल्यामुळे किंवा उशिरा पोचल्यामुळे.

रेंज फुल्ल म्हणजे नेट चांगलं, हेही खरं नाही. ते चिन्ह फक्त राउटरचा सिग्नल किती जोरात येतोय ते सांगतं. राउटरच्या पलीकडची लाइन बंद पडली असेल किंवा भोवती इतर रेडिओलहरींचा गोंगाट असेल, तरी चिन्ह भरलेलंच राहू शकतं.

म्हणून दोष कुठल्या टप्प्यात आहे ते आधी शोधायचं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत 'पिंग' लिहून राउटरचा पत्ता टाका. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि राउटरच्या स्टिकरवर सापडतो. दुसरीत पिंग ८.८.८.८, म्हणजे गूगलचा सर्व्हर. शेवटी जागा सोडून हायफन आणि टी जोडलं की तपासणी सुरूच राहते. राउटर २-३ मिलिसेकंदांत उत्तर देतोय आणि बाहेरचं तुटतंय, तर नेटवाल्याला फोन करा. राउटरच उत्तर देईना, तर खोट घरात आहे.

काकूंकडे राउटरचाच आकडा ४०० वर जायचा, मग 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. वर्गाचं रेकॉर्डिंग त्या थेट यूएसबी ३.० च्या एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर करत होत्या, आणि ती डिस्क लॅपटॉपला अगदी चिकटून ठेवलेली. वायर काढली, आकडा ३ वर आला. लावली, पुन्हा ४००. यूएसबी ३.० ची उपकरणं आणि त्यांच्या वायरी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट सोडतात, आणि काकूंचं वाय-फाय त्याच पट्ट्यावर चालत होतं. इंटेलने २०१२ मध्येच यावर तपशीलवार टिपण काढलं होतं. लॅपटॉपचे अँटेना बहुधा पडद्याच्या कडेला बसवलेले असतात, म्हणजे डिस्कपासून वीतभर अंतरावर.

मग ५ गिगाहर्ट्झ वापरावं, ते नेहमीच चांगलं, असं कुणी म्हणेल. त्या पट्ट्यात गर्दी कमी आणि वेग जास्त, हे खरं. पण भिंतीतून जाताना त्याचा जोर लवकर ओसरतो. काकूंची खोली राउटरपासून दोन भिंती पलीकडे, त्यात एका भिंतीला लोखंडी कपाट; तिथे ५ पोचतच नव्हतं. राउटर त्याच खोलीत असेल तर मात्र ५ च निवडा.

२.४ वरच राहायचं तर चॅनेल बघा. राउटरमध्ये १३ चॅनेल दिसतात, म्हणून शेजाऱ्यांनी १ आणि ६ घेतल्यावर बरेच जण ३ निवडतात. पण चॅनेल एकमेकांवर चढलेले असतात, त्यामुळे ३ वर दोन्हीकडचा गोंगाट येतो. एकमेकांत न मिसळणारे नेहमीचे तीनच: १, ६ आणि ११.

लॅपटॉप फॉरमॅट मारला की सगळं नीट होतं, या सल्ल्याचा मला मनापासून राग येतो. चार्जर काढल्यावरच वाय-फाय तुटत असेल, तर आधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय अडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जा. वीज वाचवायला उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी टिक तिथे असेल तर काढा. मग लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून नवा ड्रायव्हर घाला. या दोन गोष्टींत एकही फाइल जात नाही.

काकूंची डिस्क आता लांब वायरीने टेबलाच्या दुसऱ्या टोकाला असते, आणि पुढच्या महिन्यापासून त्यांनी प्लॅन पुन्हा १०० चा केलाय.