आवडीची देवघेव

एखाद्या नव्या स्नेह्याच्या घरी तुम्ही पहिल्यांदा गेला आहात. यजमान चहाचं सांगायला आत गेले आहेत. अशा वेळी तुमची नजर कुठं जाते, हे कधी पाहिलंत का? ती जाते पुस्तकांच्या फडताळाकडे, ध्वनिमुद्रिकांच्या चळतीकडे. तिथं तुमच्या आवडीचं एखादं पुस्तक दिसलं, की चहा येण्याआधीच परकेपणा निम्मा ओसरतो. "हे वाचलंत तुम्ही?" असा एक प्रश्न, आणि मग हवापाण्याच्या गप्पांची गरजच उरत नाही.

या साध्या गोष्टीमागं एक व्यवहार आहे. आपल्या आवडीचं गाणं, पुस्तक, चित्रपट दुसऱ्याला द्यायचा आणि त्याच्या आवडीचा आपण घ्यायचा, असा हा व्यवहार. त्याचा हिशेब मात्र बाजारातल्यासारखा नाही. शेजारणीला वाटीभर साखर दिली, तर डब्यातली वाटीभर साखर कमी होते. आवडीचं गाणं दिलं, तर ते आपल्याकडे राहतंच. उलट ऐकणारा आणखी एक झाला म्हणून थोडं अधिकच आपलं होतं. मग हा व्यवहार सोपा असायला हवा. पण तो तसा नाही. का नाही, तेच आज आपण पाहू.

आधी आपल्या रेडिओचंच उदाहरण घेऊ. मराठी केंद्रांवरच्या 'आपली आवड' या कार्यक्रमासाठी लोक पोस्टकार्डं धाडत. रेडिओ सिलोनवर १९५२ साली 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि अमीन सयानींचा आवाज घराघरांत पोहोचला. आज झारखंडमध्ये असलेलं झुमरी तलैया हे छोटं गाव तर फर्माइशींच्या पत्रांमुळंच देशभर माहीत झालं. आता असं पाहा, एका गाण्याची फर्माइश पाच-पंचवीसजणांनी केलेली असे. आपण पत्र धाडलं नाही तरी ते गाणं लागणारच, हे त्यांनाही कळत होतं. तरी पत्रं जातच राहिली. कारण नुसतं गाणं ऐकणं पुरत नव्हतं. 'हे गाणं मला आवडतं' हे कुणाला तरी सांगायचं होतं.

१ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झालं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत. दर आठवड्याला एक नवं गीत, वर्षभरात छप्पन्न. आमच्या वाड्यात रेडिओ होता तो एकाच घरी. माझी आई वही-पेन्सिल घेऊन तिथं जाऊन बसे आणि ऐकता ऐकता शब्द उतरवून घेई. गाणं काही कुणासाठी थांबत नाही. जो शब्द निसटे, तिथं ती रिकामी जागा सोडी. दुसऱ्या दिवशी वही शेजारच्या काकूंकडे जाई. त्यांनीही उतरवून घेतलेलं असे, आणि त्यांचे निसटलेले शब्द वेगळे असत. दोन वह्या शेजारी ठेवल्या, की गाणं पुरं होई. देवघेवीचा अर्थ मला तिथंच पहिल्यांदा कळला. दोघांनी ऐकलेलं असतं एकच, पण एकाच्या हातून सुटलेलं दुसऱ्यापाशी सापडतं.

आता तुम्हाला जरा लांब, अमेरिकेत नेतो. जपानी चलत्‌चित्रांना आज जगभर 'ॲनिमे' म्हणतात. 'ॲनिमेशन' या शब्दाचंच हे जपानी लघुरूप. जपानमध्ये कुठल्याही चलत्‌चित्राला ॲनिमे म्हटलं जातं. बाहेरच्या जगात मात्र हा शब्द फक्त जपानी कृतींसाठी रूढ झाला. ओसामु तेझुका यांची 'ॲस्ट्रो बॉय' ही मालिका १ जानेवारी १९६३ पासून जपानी दूरचित्रवाणीवर दिसू लागली आणि दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग हा तिथला पायंडा पडला. पुढं या मालिकांवर लोभ जडलेली काही माणसं लॉस एंजेलिसमध्ये एकत्र आली आणि १९७७ साली त्यांनी एक रसिक मंडळ काढलं. दुकानात काही मिळत नव्हतं. तेव्हा त्यांनी जपानमधल्या पत्रमित्रांशी देवघेव सुरू केली. आपल्याकडच्या दूरचित्रवाणीवरचे कार्यक्रम फितीवर उतरवून तिकडे धाडायचे आणि बदल्यात तिकडच्या फिती मागवायच्या.

हे जमलं, त्याला एक तांत्रिक कारण होतं. दूरचित्रवाणीचं चित्र पाठवण्याच्या तेव्हा जगात निरनिराळ्या पद्धती होत्या. अमेरिका आणि जपान या दोन्ही देशांत एकच पद्धत, एन.टी.एस.सी. त्यामुळं टोकियोत भरलेली फीत लॉस एंजेलिसच्या यंत्रावर सरळ चाले. आपल्याकडे 'पाल' पद्धत होती. तीच फीत आपल्या साध्या यंत्रात घातली असती, तर चित्र धड दिसलं नसतं. अडचण दुसरीच होती. फितीवरून फीत उतरवली, की चित्र थोडं फिकं होतं. नकलेची नक्कल, तिची पुन्हा नक्कल असं होत चौथ्या-पाचव्या हाती फीत जाईपर्यंत रंग पसरत, आवाज खरखरे. शिवाय भाषा जपानी! मग जाणकार मंडळी कथेचा सारांश इंग्रजीत टंकलिखित करून फितीबरोबर देत. पुढं घरगुती संगणक आले, तेव्हा १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस काहींनी पडद्यावर तळाशी भाषांतराच्या ओळी उमटवायला सुरुवात केली. रात्र रात्र जागून केलेलं हे काम बिनमोबदल्याचं असे. फितीच्या आरंभी 'ही विक्रीसाठी नाही' असा मजकूर असे. एखादी कृती अधिकृतपणे बाजारात आली, की आपली फीत वाटणं थांबवायचं, असा संकेतही पुष्कळ जण मानत. कायद्याच्या काट्यावर हा व्यवहार निर्दोष होता, असं मी म्हणणार नाही. पण मला त्यात आईची वही दिसते, हे मात्र खरं.

तुम्ही म्हणाल, ॲनिमेशी आपला काय संबंध? संबंध आहे, आणि जवळचा आहे. १९८९ साली जपानमध्ये निघालेली 'जंगल बुक'ची मालिका पुढच्या दशकात दूरदर्शनवर हिंदीतून लागली. गुलजारांचे शब्द आणि विशाल भारद्वाजांचं संगीत असलेलं तिचं शीर्षकगीत त्या पिढीला आजही तोंडपाठ आहे. आपण जपानी कृती पाहतो आहोत, हे त्यातल्या कित्येकांना ठाऊकही नसेल! उलट दिशेचं उदाहरण युगो साको यांचं. डॉ. बी. बी. लाल यांच्या उत्खननावर माहितीपट करताना या जपानी दिग्दर्शकाला रामायणाची ओढ लागली. त्यातून कोइची सासाकी आणि आपले राम मोहन यांच्यासह केलेला रामायणावरचा चलत्‌चित्रपट १९९२ साली पुरा झाला. भारतातल्या चित्रगृहांत तो सर्वदूर पोहोचायला मात्र २४ जानेवारी २०२५ ची तारीख उजाडावी लागली. चांगली वस्तू हाती पडायला कधी कधी अशी तीस-तीस वर्षं लागतात.

आता देवघेव का बिघडते, ते सांगतो. माझ्या भाचीची मुलगी, म्हणजे माझी नात, चौदा वर्षांची. तिच्याशी काय बोलावं हे मला कळेना. म्हणून म्हटलं, "तुझ्या आवडीचं काही मला दे, मी माझ्या आवडीचं तुला देतो." तिनं मला 'वन पीस' ही मालिका सांगितली. १९९९ साली सुरू झालेल्या या मालिकेचे हजाराहून अधिक भाग आहेत! मीही काही कमी नव्हतो. तिच्या हातात सातशे पानांची कादंबरी ठेवली. महिन्याभरानं भेटलो, तेव्हा माझे चार भाग झाले होते आणि तिची अकरा पानं. दोघंही ओशाळलो. मग तीच म्हणाली, "आजोबा, आपण एकमेकांना डोंगर दिलाय. दगड द्यायला हवा होता."

मला ते पटलं. दुसऱ्या खेपेला मी तिला 'गीतरामायणा'तलं एकच गीत दिलं आणि आईच्या वहीची हकीकत सांगितली. तिनं मला हायाओ मियाझाकी यांचा 'माय नेबर टोटोरो' हा १९८८ सालचा चित्रपट दिला. जेमतेम दीड तासाचा. त्यात दोन बहिणी आहेत, सात्सुकी आणि मेइ. वडील त्यांना घेऊन खेड्यात राहायला येतात, कारण आईचं रुग्णालय तिथून जवळ पडतं. रानात त्यांना टोटोरो नावाचा एक अजस्र, मऊ, गमतीचा प्राणी भेटतो. चित्रपटात खलपुरुष नाही की लढाई नाही. आईचं घरी येणं लांबणीवर पडतं, तेव्हा धाकटी मेइ मक्याचं एक कणीस कवटाळून एकटीच रुग्णालयाकडे निघते. कणीस खाल्लं की आई बरी होईल, अशी तिची समजूत.

ते कणीस पाहिलं आणि माझ्या ध्यानात आलं. त्या वर्षी माझी भाची, म्हणजे या पोरीची आई, दोन महिने रुग्णालयात होती. त्या दिवसांविषयी पोर कधी कुणाशी चकार शब्द बोललेली नव्हती. आम्ही मोठी माणसं आपसांत म्हणत होतो, "किती समजूतदार आहे!" तिनं मला चित्रपट दिला नव्हता, तर न बोललेली गोष्ट दिली होती. आणि पहिल्या वेळेसारखा हाही मी अर्धवट सोडला असता, तर ती तशीच राहून गेली असती. दुसऱ्या दिवशी मी तिला फोन केला आणि एवढंच म्हटलं, "ते कणीस फार आवडलं मला." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग बोलू लागली, ती तासभर.

आवड देताना मन कचरतं, ते याचसाठी. नावडलेली साखर कुणी परत केली, तर आपल्याला काही वाटत नाही. आवडतं गाणं कुणी मध्येच बंद केलं, तर मात्र लागतं. कारण त्याबरोबर आपला एक तुकडा गेलेला असतो. आजकाल यंत्रंही आपल्याला 'हे पाहा, ते ऐका' असं सुचवतात. आपण मागं काय पाहिलं, आपल्यासारख्यांनी काय पाहिलं, याचा हिशेब करून ती पुढचं समोर ठेवतात. सोय आहे, नाही म्हणू नये. पण ते नावडलं तर यंत्राला काही लागत नाही, आणि आवडलं तर त्याला फोनही करता येत नाही.

तेव्हा देवघेव करायची, तर काही पथ्यं पाळावीत. एका वेळी एकच वस्तू द्यावी, आणि ती लहान असावी. ती आपल्याला का आवडते, हे दोन वाक्यांत सांगावं. शेवट मात्र सांगू नये. जेवढं द्यावं तेवढं घ्यावं. नुसतं देत सुटणारा माणूस मास्तर होतो, मित्र होत नाही. "वाचलंस का? कुठवर आलास?" अशी परीक्षा घेऊ नये. समोरच्याला नाही आवडलं, तर ते मोकळेपणानं म्हणायची मुभा असावी, आणि आपणही ते हसून ऐकावं. आणि बरं का, दिलेल्या वस्तूची टिपण जरूर ठेवावी. आईची ती वही पुढं कुणीतरी वाचायला नेली. कुणी नेली, हे तिला आठवेना, त्यामुळं मागायचीही सोय राहिली नाही.

कायद्याचंही थोडं भान हवं. स्वतः विकत घेतलेलं पुस्तक मित्राला वाचायला देण्यात काही गैर नाही. त्याच्या नकला काढून वाटणं ही गोष्ट निराळी. आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणं, त्यात पुढं झालेली दुरुस्ती धरून, लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याच्या पुस्तकांवर हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले. म्हणून 'श्यामची आई' २०११ पासून सर्वांना खुलं झालं. ज्यांच्या लेखकांचा हक्क अजून चालू आहे, ती पुस्तकं विकतच घ्यावीत आणि मग हवी तितक्या हातांत फिरवावीत. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या २००९ साली सुरू झालेल्या उपक्रमात पंचवीस-पंचवीस पुस्तकांच्या पेट्या अशाच वाचकांच्या गटांत फिरतात. एका गटाची वाचून झाली, की पेटी दुसऱ्याकडे. या पेट्या परदेशातल्या मराठी माणसांपर्यंतही पोहोचल्या आहेत.

तुमच्या घरीही अशी एखादी व्यक्ती असेल, जिच्याशी काय बोलावं हे तुम्हाला कळत नाही. कॉलेजात जाणारा मुलगा असेल, निवृत्त झालेले वडील असतील, नव्यानं आलेली सून असेल. तिला आज एक गाणं द्या, आणि बदल्यात एक मागा. जे मिळेल ते शेवटपर्यंत ऐका. पहिल्यांदा आवडलं नाही, तर आणखी एकदा ऐका.