बोर्ड खराब की वीज खराब?
छोट्या संगणक-बोर्डाचा बिघाड शोधताना पैसा व मजुरी कशी वाचवावी

गेल्या काही वर्षांत आपल्या कारखान्यांत आणि दुकानांत तळहाताएवढे संगणक-बोर्ड शिरले आहेत. मागाचे पिक मोजणे, डाइंगच्या टाकीचे तापमान पाहणे, काट्यावरचे वजन नोंदवणे, दुकानातील बिल छापणे, अशी कामे ते करतात. किंमत काही हजारांत. म्हणून बिघाड झाला की मालक म्हणतो, "बोर्ड गेला, दुसरा आणा." दुसरा येतो आणि आठ दिवसांत तोही तसाच वागू लागतो. सांगायचे ते एवढेच, की अशा तक्रारींत बोर्ड बहुधा निर्दोष असतो. दोष त्याच्यापर्यंत पोहोचणाऱ्या विजेत असतो आणि तो क्रमाने शोधला तर सापडतो.

मी कापडाचा व्यापारी, इंजिनिअर नव्हे. पण मालेगावात एका १२ मागांच्या कारखान्यात माझी भागीदारी आहे. तेथे आम्ही रास्पबेरी पाय ३ हा बोर्ड बसवून प्रत्येक मागाचे पिक मोजण्याची सोय केली. तिथे जे भोगले व शिकलो, ते बांधवांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

मजुरीचा तंटा

एका सायंकाळी ६ च्या सुमारास लाईट गेली ती ८ वाजून गेल्यावर आली. तोवर पाळी बदलली होती. दुसऱ्या दिवशी हिशेब काढला, तर रात्रपाळीच्या कारागिराचे सुरुवातीचे दोन तासांचे काम दिवसपाळीच्या खात्यावर चढलेले! आमचा माग मिनिटाला साधारण १४० पिक मारतो. कापड इंचाला ५२ पिकांचे, म्हणजे मीटरला सुमारे २,०४७ पिक. तासाला एका मागावर ४ मीटर. त्या कारागिराकडे ६ माग. दोन तासांत कागदावर ४९ मीटर, धागा तुटणे आणि थांबे वजा जाता ४० मीटरच्या आसपास. ज्याची मजुरी मीटरवर ठरते त्याच्यासाठी ही रक्कम लहान नाही.

दोघेही आपापल्या जागी खरे बोलत होते. नशीब, की पाळी बदलताना कापडावर खूण करण्याची जुनी रीत आम्ही सोडली नव्हती. तागा उलगडून फूटपट्टीने मोजला आणि ज्याची त्याची मजुरी दिली. पण यंत्राच्या आकड्यावरचा विश्वास उडाला, तो परत मिळवायला तीन महिने लागले.

त्या दिवसाचे कारण असे होते. या बोर्डात हातघड्याळासारखे सेलवर चालणारे घड्याळ नसते. इंटरनेट असेल तर तो तेथून वेळ घेतो. नसेल तर शेवटी जपून ठेवलेली वेळ धरून पुढे चालू लागतो. लाईट आली तेव्हा खरे वाजले होते सव्वाआठ, आणि बोर्डाच्या मते अजून सहासुद्धा वाजले नव्हते. उपाय स्वस्त निघाला: डीएस ३२३१ या चिपचे सेलवर चालणारे घड्याळ जोडले. २०२३ मध्ये आलेल्या पाय ५ या बोर्डात घड्याळ अंगचेच आहे, फक्त त्याची बॅटरी वेगळी लावावी लागते.

पण दुखणे एवढ्यावर थांबले नाही. लाईट असतानाही बोर्ड मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होई. बसवून देणाऱ्याने दोनदा बोर्ड बदलला, पैसे घेतले. फरक शून्य.

आधी वही, मग पाना

माझ्या भाच्याने डिप्लोमा केला आहे. त्याने पहिल्या दिवशी कशालाच हात लावला नाही. भिंतीला एक वही अडकवली आणि सांगितले, बोर्ड बंद पडला की वेळ लिहा व त्या क्षणी काय सुरू झाले तेही लिहा. चार दिवसांत चित्र स्पष्ट झाले. बोर्ड मोकळा असताना पडत नव्हता. सगळे माग चालू असताना, म्हणजे काम भरपूर असताना पडत होता.

मग त्याने बोर्डालाच विचारले. २०१४ च्या बी प्लसपासूनचे रास्पबेरी पाय (झीरो हा प्रकार सोडून) वीज ४.६३ व्होल्टच्या आसपास खाली गेली की त्याची नोंद घेतात. पडदा जोडलेला असेल तर कोपऱ्यात विजेची खूण दिसते. आमच्याकडे पडदाच नव्हता, त्यामुळे इशारा कोणी पाहिला नाही. पडदा नसताना 'गेट थ्रॉटल्ड' ही आज्ञा वापरतात. उत्तर शून्य आले तर बोर्ड चालू झाल्यापासून वीज कमी पडलेली नाही. आम्हाला उत्तर आले ५००००, म्हणजे वीज कमी पडून गेली आहे व त्यामुळे बोर्डाचा वेगही कमी झाला होता. ५०००५ आले तर या क्षणीही कमी आहे. बोर्ड बंद करून पुन्हा सुरू केला की ही नोंद पुसली जाते, म्हणून विचारणा आधी करावी.

चोर केबलमध्ये

आता कापडवाल्यांना चटकन कळेल अशी गोष्ट. सुताचा काउंट जितका मोठा, सूत तितके बारीक. तारेच्या गेजचेही तसेच. आमची केबल २ मीटर लांब आणि आतली तार २८ गेजची, म्हणजे अगदी बारीक. वीज जाऊन परत येते, म्हणून तार भरते ४ मीटर आणि तिचा अडथळा होतो सुमारे ०.८५ ओहम. बोर्ड मोकळा असताना ०.३ अँपिअर घेतो, तेव्हा वाटेत पाव व्होल्ट गळतो. ५ मधून ४.७५ उरतात, काम भागते. काम वाढून ०.७ अँपिअर झाले की ०.६ व्होल्ट गळतात, उरतात ४.४. येथेच बोर्ड मान टाकतो.

अर्ध्या मीटरची २४ गेजची केबल लावली, गळती ०.०६ व्होल्टवर आली. मोबाइलचा जुना चार्जर काढून ५.१ व्होल्ट, २.५ अँपिअरचा अ‍ॅडाप्टर लावला. या बोर्डाला तोच सांगितलेला आहे. पाय ४ ला ३ अँपिअर व पाय ५ ला ५ अँपिअर लागतात. दोनदा बोर्ड बदलून जे झाले नाही ते केबलने झाले.

म्हणून क्रम ध्यानात ठेवावा: आधी केबल, मग अ‍ॅडाप्टर, मग बोर्डाला लटकवलेली इतर उपकरणे, आणि बोर्ड सर्वांत शेवटी. डोंगल, स्कॅनर अशी उपकरणे बोर्डातूनच वीज ओढतात. त्यांना स्वतंत्र वीज घेणारा हब द्यावा. मीटरने वीज मोजायची तर चार्जरपाशी मोजू नये, बोर्डावर मोजावी, तीही काम चालू असताना. ४० पिनांच्या पट्टीवर २ नंबरची पिन ५ व्होल्टची व ६ नंबरची जमिनीची. हात घसरून शेजारची ३.३ व्होल्टची १ नंबरची पिन २ नंबरला टेकली तर बोर्ड खरोखरच जातो. आणखी एक गोष्ट: साधा मीटर क्षणभराची पडझड दाखवत नाही. तेथे वहीच कामाला येते.

मोटार सुरू होताच बोर्ड पडत असेल तर त्याची लाइन मोटारीच्या लाइनपासून वेगळी करावी आणि सेन्सरच्या तारा मोटारीच्या तारांबरोबर एका नळीतून नेऊ नयेत.

लाईट जाणारच, तयारी आपली

लाईट अचानक गेली की सर्वांत मोठा धोका मेमरी कार्डाला. कार्डावर लिहिणे चालू असताना वीज तुटली तर त्या ओळीबरोबर शेजारचे जुने लिखाणही बिघडू शकते, मग बोर्ड उठतच नाही. त्यावर सोय आहे: 'ओव्हरले फाइल सिस्टम' चालू करून मूळ प्रणाली कुलूपबंद करावी आणि हिशेब वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवावा.

ज्यांच्याकडे आर्डुइनो उनो आहे त्यांनी दुसरी चूक टाळावी. त्याच्या कायम स्मरणात एका जागी सुमारे १ लाख वेळा लिहिण्याची हमी असते. प्रत्येक पिकाला तेथे लिहाल तर मिनिटाला १४० या वेगाने १२ तासांत, म्हणजे एका पाळीत, ती हमी संपते. मीटर पूर्ण झाल्यावर लिहाल तर तीच जागा रोज २० तास चालूनही तीन वर्षांहून जास्त पुरते.

इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचा खटका पाहावा. अनेकांवर 'यूपीएस' व 'नॉर्मल' असे दोन पर्याय असतात. बोर्डासाठी 'यूपीएस' ठेवावा, त्यात बदल लवकर होतो. पॉवरबँकेवर विसंबू नये. लाईट जाताना किंवा येताना अनेक पॉवरबँका क्षणभर वीज तोडतात आणि तेवढ्यात बोर्ड पडतो. बोर्डासाठी छोटे यूपीएस मिळते. घेताना एकच विचारावे: लाईट गेल्याचा इशारा ते बोर्डाला देते का? इशारा मिळाला तरच बोर्ड हिशेब लिहून नीट बंद होतो.

आमच्या कारखान्यात आता आकडे जुळतात. तरीही पाळी बदलताना कापडावरची खूण आम्ही बंद केलेली नाही. यंत्र चुकले तर त्याला कोणी जाब विचारत नाही, मजुरी मात्र कारागिराची कापली जाते. म्हणून यंत्र बसवताना बोर्डाचे पैसे मोजाल, तेव्हा चांगल्या केबलचे आणि घड्याळाच्या सेलचेही मोजा. आणि भिंतीला वही अडकवायला विसरू नका.