बारा व्होल्टची बेफिकिरी

२०२७च्या सिंहस्थापर्यंत नाशिकमध्ये कॅमेरे, ध्वनिक्षेपक आणि त्यांच्या केबली वाढतच जाणार. घरातल्या विजेची वायर घेताना आयएसआय खूण बघणारे आपण या केबली मात्र ‘बारा व्होल्टच तर आहे’ म्हणून मिळेल त्या घेतो. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही, हे खरंच. पण केबल निवडताना तिच्यातून काय वाहतं एवढंच बघून भागत नाही. ती कुठून जाते आणि पेटली तर काय करते, हेही बघावं लागतं. आग दुसऱ्याच कशाने लागली, तरी डक्टमधून उभी चढलेली केबलींची जुडी तिला वरच्या मजल्याची वाट दाखवते. साधं पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू आणि काळा धूर सोडतं. १९९६ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ विमानतळावरच्या आगीत १७ जण दगावले, ते मुख्यतः धुराने.

‘मग एफआरएलएस केबल टाकली की झालं ना?’ इथेच बहुतेकांची गल्लत होते. एफआरएलएस आग पसरवत नाही, धूरही कमी करते; पण ज्वाळांत सापडल्यावर ती चालू राहील, अशी हमी ती देत नाही. अलार्मच्या भोंग्याला नेमकी तीच हमी हवी, म्हणून त्यासाठी आगीतही काही काळ टिकणारी फायर सर्व्हायव्हल केबल वेगळी असते. महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार इमारतीला जानेवारी आणि जुलैत आगीची यंत्रणा तपासून ती चालू असल्याचा ‘फॉर्म बी’ द्यावा लागतो. त्या तपासणीत भोंगा वाजतो, पण तो आग नसताना.

नेटवर्क केबलची तऱ्हा आणखी निराळी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार दिसायला तांब्याचीच. पात्याने खरवडली की पांढरी पडते. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के. पूर्वी नुसता सिग्नल नेणाऱ्या या केबलीतून आता कॅमेऱ्याला वीजही जाते: २००३च्या मानकात १५.४ वॅट, २०१८च्या मानकात ९० वॅटपर्यंत. जाड जुडीच्या पोटातली उष्णता बाहेर पडायला जागा नसते, आणि रोध जास्त तशी ती वाढते. २३० व्होल्टच्या वायरीसोबत एकाच पाइपातून ही केबल ओढणं तर आणखी धोक्याचं, कारण तिचं आवरण त्या दाबासाठी बनलेलंच नसतं.

खर्चाचा आक्षेप रास्त आहे. चांगली केबल महागच पडते. पण फॉल्स सीलिंग उचकटून ती बदलायची वेळ आली, तर मजुरी दुसऱ्यांदा भरावी लागते. शिवाय केबल कितीही उत्तम असली, तरी डक्टमध्ये प्रत्येक स्लॅबला पाडलेलं भोक आग अडवणाऱ्या मसाल्याने बुजवावं लागतं, आणि ते काम कोटेशनमध्ये सहसा कुणी धरतच नाही.